पीईए टिन आयोडाइडचा पातळ थर: कडा पिवळ्या पडतात, ट्रान्झिस्टर नीट बंद होत नाही

सिलिकॉन_चकती (प्रश्न)

नमस्कार मंडळी. फेनेथिल अमोनियम टिन आयोडाइड, म्हणजे शिसं नसलेलं थराथरांचं पेरोव्स्काइट (एका ठरावीक स्फटिकरचनेचा अर्धवाहक), ट्रान्झिस्टरसाठी स्पिन कोटिंगने (चकती वेगाने फिरवून द्रावणाचा पातळ थर पसरवून) बसवायचं आहे. सध्याची कृती जशीच्या तशी लिहितो.

फेनेथिल अमोनियम आयोडाइड (पुढे पीईए आयोडाइड) आणि टिन डायआयोडाइड २:१ मोल प्रमाणात, टिनच्या हिशोबाने ०.२ मोलर. द्रावक डीएमएफ (डायमिथिलफॉर्मॅमाइड) आणि डीएमएसओ (डायमिथिल सल्फॉक्साइड) ४:१. ७० अंश सेल्सिअसला रात्रभर ढवळतो, गाळत नाही. टिन डायआयोडाइड ९९ टक्के शुद्धतेचं, बाटली सहा महिन्यांपूर्वी उघडलेली पण ग्लोव्हबॉक्समध्येच (निष्क्रिय वायूच्या हवाबंद पेटीत) ठेवलेली. चकतीवर ३०० नॅनोमीटर सिलिकॉन ऑक्साइड, यूव्ही-ओझोन १५ मिनिटं. ३००० आरपीएम, ३० सेकंद, मग १२० अंशांवर १५ मिनिटं. वरून मास्कमधून ५० नॅनोमीटर सोनं. चॅनेलची लांबी १०० मायक्रॉन, रुंदी १००० मायक्रॉन. बॉक्समध्ये ऑक्सिजन १ ते ५ पीपीएम, पाणी १ च्या खाली.

अडचणी अशा:
१) थर मधोमध लालसर पण धुरकट, त्यात धूमकेतूच्या शेपटीसारखे ओरखडे. कडा तासाभरात पिवळ्या.
२) ड्रेन −६० व्होल्ट ठेवून गेट ० पासून −६० पर्यंत नेलं तर करंट ३० नॅनोअँपवरून ३ मायक्रोअँपवर जातो, म्हणजे जेमतेम १०० पट. थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारा गेट व्होल्टेज) शून्य धरून मोबिलिटी (भार किती सहज सरकतो त्याचं माप, चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंद) ०.०१४ येते.
३) एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना मोजण्यासाठी) बाहेर काढलेल्या नमुन्यात ५.४ अंशांचं शिखर २० मिनिटांत निम्म्यावर येतं.

दोष हवेचा आहे की कृतीचा? बॉक्समधला ऑक्सिजन शोषणारा कॅटलिस्ट रिजनरेट (पुन्हा ताजा) केला तर पुरेल का?

---

द्रावणशाळा

रिजनरेशन जरूर करा, ऑक्सिजन ५ पीपीएम म्हणजे टिनसाठी जास्तच आहे, १ च्या खाली हवा. पण तेवढ्याने हे सुटणार नाही. तुमचं टिन थर पडायच्या आधीच, बाटलीत आणि द्रावणात, ऑक्सिडाइज झालेलं दिसतंय.

आधी बाटली तपासा. १०० मिलिग्रॅम टिन डायआयोडाइड १ मिली कोरड्या टोल्युइनमध्ये घालून हलवा आणि पावडर खाली बसू द्या. टिन टेट्राआयोडाइड टोल्युइनमध्ये सहज विरघळतं, डायआयोडाइड जवळजवळ नाही. वरचं टोल्युइन बिनरंगी किंवा अगदी फिकट राहिलं तर ठीक. नारिंगी झालं तर त्या बाटलीतलं टिन +४ अवस्थेत गेलेलं आहे आणि पुढची सगळी मेहनत पाण्यात. पुढची खरेदी ९९.९९ टक्क्यांच्या मण्यांची करा. मण्यांचा पृष्ठभाग पावडरीपेक्षा खूप कमी असतो, त्यामुळे ते टिकतात.

हा टेट्राआयोडाइड एकदा शिरला की स्वस्थ बसत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. ओलावा मिळाला की त्यातून हायड्रोजन आयोडाइड सुटतो, ऑक्सिजनने त्याचं आयोडीन होतं, आणि ते आयोडीन शेजारच्या चांगल्या टिनला पुन्हा +४ मध्ये नेतं. म्हणजे बिघाडातून निघालेला पदार्थच पुढचा बिघाड करतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने २०२१ मध्ये हे चक्र टिनच्या सोलर सेलसाठी नीट मांडलं. तुमचा नमुना २० मिनिटांत निम्मा होतो तो त्यामुळेच. स्वच्छ टिनपासून केलेला थरही उघड्या हवेत खराब होतो, पण इतक्या झपाट्याने नाही.

दुसरा दोषी डीएमएसओ, आणि त्याहून जास्त ते ७० अंशांवर रात्रभर ढवळणं. डीएमएसओ टिन +२ ला +४ मध्ये नेतो आणि स्वतः डायमिथिल सल्फाइड होतो, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. १०० अंशांच्या वर ही क्रिया जोरात चालते, आणि द्रावण आम्लधर्मी असेल तर आणखी सोपी होते. ॲनीलिंग (थर तापवणं) १२० अंशांवर करता तेव्हा थरात उरलेला डीएमएसओ नेमका तिथेच सापडतो. फॉर्मॅमिडिनियम टिन आयोडाइडवाल्यांना स्फटिक होण्याचा वेग आवरायला डीएमएसओ लागतो. तुमचा पदार्थ डीएमएफमध्ये ०.१ ते ०.२ मोलरपर्यंत थंडच विरघळतो आणि थर आपसूक रचले जातात. डीएमएसओ सरळ काढून टाका.

२ मिली द्रावणाचं माप, ०.१ मोलर:
टिन डायआयोडाइड ७४.५ मिलिग्रॅम
पीईए आयोडाइड १०४.६ मिलिग्रॅम (९९.६ लागतं, ५ टक्के मुद्दाम जास्त)
टिन धातूची पावडर २० मिलिग्रॅम
कोरडं डीएमएफ २ मिली

खोलीच्या तापमानाला दोन तास ढवळा. टिन पावडर +४ वाल्या टिनशी जुळून दोघांचं +२ करते. इथे रंगाकडे लक्ष ठेवा: सुरुवातीला द्रावण नारिंगी किंवा तपकिरी असेल तर ते हळूहळू लिंबासारखं पिवळं होत जातं. पिवळं होऊन थांबलं की ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळा आणि त्याच दिवशी वापरा. दोन तासांनंतरही तपकिरीच राहिलं तर ते टाकून द्या, गाळून काही होणार नाही.

टिन फ्लोराइड घालू का, हा पुढचा प्रश्न येईलच म्हणून आत्ताच लिहितो. त्यातलं फ्लोराइड +४ टिनला धरून ठेवतं आणि स्फटिकात शिरू देत नाही, म्हणून टिन पेरोव्स्काइटमध्ये १० मोल टक्के घालायची पद्धत आहे. पण नुसत्या डीएमएफमध्ये ते नीट विरघळत नाही, आणि उरलेले कण थरात ठिपके होऊन बसतात. तुमच्या पातळ थराला ते ठिपके परवडणारे नाहीत. आधी टिन पावडरने काम होतंय का ते बघा.

---

थर_आणि_फेरे

द्रावणाचं वरच्यांनी लिहिलंच आहे. मी स्पिन कोटरवर काय बघायचं ते लिहितो.

धूमकेतूच्या शेपट्या म्हणजे न विरघळलेले कण. प्रत्येक शेपटीच्या टोकाशी एक कण सापडेल. गाळल्यावर त्या जातील.

धुरकटपणाचं कारण वेगळं. ०.२ मोलर आणि ३००० आरपीएम म्हणजे थर जाड, अँटिसॉल्व्हंट (थर न विरघळवता द्रावक काढून घेणारा दुसरा द्रव) नाही, आणि डीएमएसओमुळे वाळायला उशीर. स्फटिक मोजक्या ठिकाणी सुरू होतात, मोठे होत जातात आणि मधे खड्डे सोडतात. उपाय: ०.१ मोलर, ४००० आरपीएम, ३० सेकंद, वेग सेकंदाला १००० आरपीएमने वाढवा. १५ मिलिमीटरच्या चकतीला ६० मायक्रोलिटर पुरतं, पण फिरवण्याआधी द्रावण चारही कोपऱ्यांपर्यंत पसरलेलं हवं. पसरत नसेल तर यूव्ही-ओझोन २० मिनिटं करा आणि चकती लगेच बॉक्समध्ये न्या. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात ओझोन केलेली चकती बाकावर अर्धा तास राहिली तर ती ओलावा धरते. आत नेल्यावर १०० अंशांच्या प्लेटवर पाच मिनिटं तापवून, गार करून मगच वापरा.

आता अँटिसॉल्व्हंट. टोल्युइन किंवा क्लोरोबेंझिन २०० मायक्रोलिटर. कुठल्या सेकंदाला टाकायचं याचा आकडा दुसऱ्याच्या कृतीतून उचलू नका. तो बॉक्सचं तापमान, आतली द्रावकाची वाफ आणि स्पिन कोटरच्या भांड्याचा आकार यावर बदलतो. स्वतःचा आकडा असा काढा: एक चकती अँटिसॉल्व्हंटशिवाय फिरवा आणि डोळा तिच्यावर ठेवा. द्रावण आधी पिवळसर, पारदर्शक असतं, रंगीत कडी पसरत जातात, आणि मग एका क्षणी लाल रंग झरकन धावतो, बहुतेक वेळा कडेकडून मधे. तो सेकंद टिपा. त्याच्या २ ते ३ सेकंद आधी थेंब सोडायचे. लाल १४ व्या सेकंदाला येत असेल तर ११ व्याला. पिपेट उभं, मध्यावर, पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर, आणि सगळं एका सेकंदात. लवकर टाकलं तर मधे गोल वळी राहतात, उशीर झाला तर आधीच झालेल्या स्फटिकांवर किरणांसारखे पांढुरके पट्टे.

प्रत्येक चकतीआधी बॉक्स पाच मिनिटं पर्ज करा, नाहीतर पाचव्या चकतीपर्यंत डीएमएफची वाफ साचून तुमचा ११ वा सेकंद १४ वा होतो. एका बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये थर बदलतात त्यातलं अर्धं कारण इथेच असतं. फिरवताना सर्क्युलेशन बंद ठेवा, द्रावकाची वाफ कॅटलिस्टला मारते. तुमचा ऑक्सिजन ५ पर्यंत चढायचं हेही एक कारण असू शकतं.

ॲनीलिंग १०० अंश, १० मिनिटं, बस. प्लेटच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, थर्मोकपल चकतीवर टेकवून बघा. जास्त वेळ जास्त तापमान दिलं तर फेनेथिल अमोनियम उडून जातं आणि वरचा थर टिनच्या बाजूने झुकतो.

चांगला थर ओळखायला यंत्र लागत नाही. बॉक्समध्ये ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च ठेवा, खोलीतला दिवा घालवा आणि चकती तिरकी धरा. हा पदार्थ ६२० ते ६३० नॅनोमीटरच्या आसपास चमकतो, त्यामुळे चकती निखाऱ्यासारखी लाल दिसते. जिथे खड्डा किंवा ऑक्सिडाइज झालेला भाग आहे तिथे काळा ठिपका. कडेला काळी चौकट दिसली तर ती दुसऱ्या दिवशी पिवळी होणारच. अशा चकतीवर सोनं वाया घालवू नका.

---

गेट_आणि_ड्रेन

थर सुधाराच, पण तुमची मोजणीही अर्धवट आहे. हा पी-चॅनेल पदार्थ. टिनच्या रिकाम्या जागा आणि +४ टिनमुळे त्यात आधीच भरपूर भोकं (होल, म्हणजे धन भार वाहून नेणाऱ्या रिकाम्या जागा) असतात, त्यामुळे थ्रेशोल्ड धन बाजूला सरकतो. तुम्ही गेट ० पासून सुरू करता, म्हणजे ट्रान्झिस्टर अर्धा चालू असतानाच पहिला बिंदू घेता. बंद अवस्था तुम्ही पाहिलेलीच नाही.

तुमच्याच आकड्यांवरून हिशोब करू. संपृक्त करंट ओव्हरड्राइव्हच्या (गेट थ्रेशोल्डच्या जितका पुढे आहे त्याच्या) वर्गाने वाढतो. करंट १०० पट वाढला म्हणजे ओव्हरड्राइव्ह १० पट वाढला. थ्रेशोल्ड +व धरला तर (६० + व) भागिले व बरोबर १०, म्हणून व जवळजवळ ६.७ व्होल्ट. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडची धारिता ११.५ नॅनोफॅरड प्रति चौरस सेंमी, रुंदी-लांबीचं गुणोत्तर १०. त्यावरून मोबिलिटी ०.०१२ येते, ०.०१४ नाही. फरक छोटा, पण दिशा लक्षात घ्या: थ्रेशोल्ड शून्य धरला की आकडा फुगतो. आणि शेवटच्या टोकाला ओव्हरड्राइव्ह ६६.७ असताना ड्रेन फक्त ६०, म्हणजे तिथे तुम्ही संपृक्ततेच्या किंचित बाहेर आहात. गेट +४० पासून −६० पर्यंत न्या आणि करंटच्या वर्गमुळाच्या आलेखाचा सरळ भाग घेऊन उतार काढा.

मोबिलिटी इतकी कमी का, याची दोन कारणं शोधा. एक थराचे खड्डे, त्यावर वर लिहून झालंय. दुसरं जाडी. या पदार्थात करंट टिन-आयोडाइडच्या पातळीतून आडवा छान जातो, पण उभा जाताना दर १.६ नॅनोमीटरला फेनेथिल अमोनियमचा जवळजवळ इन्सुलेटर असलेला थर ओलांडावा लागतो. सोनं वर, चॅनेल खाली ऑक्साइडला चिकटून. थर जेवढा जाड तेवढे जास्त अडथळे, आणि तो सगळा कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स तुमच्या मोबिलिटीतून वजा होतो. ०.१ मोलरवर येण्याचं खरं कारण मला हे वाटतं. साधारण ३० ते ४० नॅनोमीटर जाडी पुरते.

सोनं घालताना पहिले १० नॅनोमीटर सेकंदाला ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉमने, मग १ पर्यंत वाढवा. आयोडाइड चांदीला खातं, म्हणून चांदी नको.

मोजण्याआधी प्रत्येक ट्रान्झिस्टरभोवतीचा थर लाकडी टूथपिकने खरवडून वेगळा करा. लाकडाने पेरोव्स्काइट निघतो, ऑक्साइडला ओरखडा जात नाही. न खरवडता मोजलं तर करंट चॅनेलच्या बाजूने पसरून मोबिलिटी फुगते, आणि चकतीच्या कडेने गेटचा लीकेज येऊन बंद करंट खाली जाऊ देत नाही. गेट करंटचा आलेख कायम सोबत काढा. मोजणी अंधारात करा, हा पदार्थ प्रकाशाला चांगलाच प्रतिसाद देतो.

अपेक्षा काय ठेवायची? १९९९ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी याच पदार्थाचा ट्रान्झिस्टर दाखवला तेव्हा मोबिलिटी ०.६ आणि चालू-बंद गुणोत्तर १०,००० होतं. पहिलं लक्ष्य ०.१ च्या वर आणि १०,००० ठेवा.

---

हातमोजे_घाला

एक गोष्ट राहून जाते. शिसं नाही म्हणजे निरुपद्रवी नाही. टिन आयोडाइड ओलं झालं की आम्ल सुटतं. २०१६ मध्ये झेब्राफिशच्या भ्रूणांवर शिसं आणि टिन दोन्हींच्या आयोडाइडची तुलना झाली, तेव्हा टिनवालं पाणी आम्लधर्मी झाल्यामुळे जास्त घातक ठरलं. चकत्यांचा कचरा आणि पुसलेले टिश्यू हॅलोजनवाल्या कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात टाका, बेसिनमध्ये धुऊ नका. टिन पावडर अडकलेला फिल्टरही त्याच डब्यात.

---

सिलिकॉन_चकती

सगळ्यांचे मनापासून आभार. टोल्युइन नारिंगी झालं, म्हणजे बाटलीच खराब. नवी येईपर्यंत टिन पावडरची कृती त्याच बाटलीवर केली. दीड तासात द्रावण तपकिरीवरून पिवळं झालं. लाल १३ व्या सेकंदाला येतो, टोल्युइन १० व्याला टाकलं. टॉर्चखाली मधला भाग एकसारखा लाल, फक्त कोपऱ्यांत काळे ठिपके.

ड्रेन −६५, गेट +४० ते −६०, खरवडून, अंधारात: बंद करंट २ नॅनोअँप, −६० ला ६० मायक्रोअँप, थ्रेशोल्ड +२. मोबिलिटी ०.२७ येते. पण परतीच्या फेरीत आलेख १२ व्होल्टने सरकतो आणि करंट कमी येतो. याचं काय करायचं? आणि सिझियम टिन आयोडाइडचे ५० च्या वरचे आकडे वाचले, त्याकडे वळावं का?

---

गेट_आणि_ड्रेन

गुणोत्तर ३०,००० झालं, म्हणजे पाया बसला.

परतीला करंट कमी येणं म्हणजे गेट ऋण असताना आयोडाइडच्या रिकाम्या जागा, ज्या धन भाराच्या असतात, सरकत ऑक्साइडपाशी येतात आणि गेटचं क्षेत्र झाकतात. भोकं अडकूनही असंच दिसतं. दोन्हींतला फरक ओळखायला फेरीचा वेग दहापट कमी करून बघा. सरक वाढली तर आयन, कारण त्यांना चालायला वेळ मिळतो. प्रोब स्टेशन थंड करता येत असेल तर −५० अंशांला मोजा. सरक बहुतेक नाहीशी झाली तर आयनच. कमी करायचा मार्ग थरात आहे: पीईए आयोडाइड ५ टक्के जास्त ठेवलंय तसंच राहू द्या, मग ८ टक्के करून तुलना करा. त्याच्या पुढे गेलात तर वर इन्सुलेटर साचायला लागतं. मोबिलिटी सांगताना दोन्ही फेऱ्यांचे आकडे द्या, नुसता जातानाचा नको.

सिझियमबद्दल. तो २०२२ चा निकाल भारीच आहे, मोबिलिटी ५० च्या वर आणि गुणोत्तर १० कोटींच्या वर. पण त्यात सिझियम आयोडाइड जास्त, टिन फ्लोराइड, आणि टिनच्या काही जागी शिसं घातलेलं आहे. म्हणजे तुमच्या अटीत ते बसत नाही. शिसं न घालता सिझियम टिन आयोडाइड केलंत तर भोकांची संख्या इतकी वाढते की तो धातूसारखा वागतो आणि गेट त्याला बंदच करू शकत नाही. आत्ताचा पदार्थ हातात बसल्यावरच तिकडे जा.

---

थर_आणि_फेरे

कोपऱ्यांतले ठिपके चौकोनी चकतीचेच, द्रावण तिथे जाड साचतं. कोपऱ्यातून २ मिलिमीटर सोडून आतच सोनं घाला.

एक्सआरडीसाठी थरावर पीएमएमए (ॲक्रिलिक पॉलिमर) घाला: क्लोरोबेंझिनमध्ये ५० मिलिग्रॅम प्रति मिली, २००० आरपीएम, ६० अंशांवर पाच मिनिटं. क्लोरोबेंझिन या थराचं अँटिसॉल्व्हंट असल्याने खालचं विरघळत नाही. कॅप्टॉनच्या (पॉलिइमाइड प्लास्टिकच्या) घुमटाखाली मोजायचा विचार असेल तर जपून, कॅप्टॉनचा स्वतःचा उंचवटा ५ ते ६ अंशांत येतो आणि तुमचं ५.४ चं शिखर त्यात बुडतं. तसं मोजलंत तर १०.८ आणि १६.३ अंशांची शिखरं बघा.